कॅन्सरच्या गोळीने क्रिएटिनिन वाढलं तर गोळी बंद करावी का?

तुमच्या आईचं क्रिएटिनिन (किडनीने बाहेर टाकायचा रक्तातला कचरा, त्याच्या आकड्यावरून किडनीचा अंदाज घेतात) 0.9 वरून 1.3 झालं आणि घरचे अबेमासिक्लिब ही स्तनाच्या कॅन्सरची गोळी बंद करा म्हणतायत, हे वाचून राहवलं नाही. आपल्या मनाने बंद करू नका. क्रिएटिनिन लघवीत सोडायची एक वाट ही गोळी अडवते, म्हणून आकडा बहुतेक पहिल्या महिन्यातच वर जातो आणि तिथेच राहतो, पण किडनीचं गाळायचं काम तेवढंच चालू असतं. शंका असेल तर सिस्टॅटिन सी ही किडनीसाठीची दुसरी रक्ततपासणी करून घ्या, तो आकडा असा फसवत नाही.

आमच्याकडे नेमकं उलटं झालं होतं. बाबांची एक किडनी कॅन्सरमुळे काढलेली, पुढे तो फुफ्फुसात गेला म्हणून सुनिटिनिब या कॅन्सरच्या औषधाची 50 मिलिग्रॅमची कॅप्सूल, चार आठवडे घ्यायची, दोन आठवडे सुट्टी. चवथीच्या आदल्या दिवशी गोव्यात डिचोलीच्या घरी बाबा स्टुलावर चढून माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची चौकट, बांधत होते, मी एका हाताने स्टूल धरून दुसऱ्याने सुपारीची शिपटी, काकड्या वर देत होतो, आणि डोळ्यासमोर त्यांचे पाय. घोटे दिसतच नव्हते. नडगीवर अंगठा दाबला तर खळगा पडला, पुढची काकडी वर देऊन परत बघितलं तरी तसाच. विचारलं तेव्हा म्हणाले, पंधरा दिवस झाले लघवीला साबणासारखा फेस येतो, पाणी ओतलं तरी जात नाही.

मुंबईहून आलेला दादा म्हणाला, मागच्या आठवड्याचं क्रिएटिनिन 1.2 आहे, किडनी ठीक आहे, सण होऊ दे मग बघू. आणि गुडघेदुखीसाठी डायक्लोफेनॅक या किडनीला मारक गोळ्यांची पाकिटं बाबांना तोच आणून देत होता, एकच किडनी असलेल्या माणसाला! चवथीला पूजा आटोपल्यावर बीपी मोजलं, 178/104. मी ऐकलं नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांना गाडीत घालून बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात नेलं. लघवीत प्रोटीन 3 प्लस, चोवीस तासांची लघवी साठवून तपासली तर 4 ग्रॅमच्या वर. सुनिटिनिबसारखी औषधं व्हीईजीएफ या रक्तवाहिन्या वाढवणाऱ्या प्रोटीनचं काम अडवतात म्हणून गाठीला नव्या रक्तवाहिन्या फुटत नाहीत, पण किडनीच्या गाळणीलाही तेच व्हीईजीएफ लागतं, ते नसलं की प्रोटीन गळतं आणि बीपी चढतं. क्रिएटिनिनमध्ये यातलं काही दिसलं नव्हतं. डॉक्टरांनी कॅप्सूल थांबवली, टेल्मिसार्टन ही बीपीची गोळी दिली, डायक्लोफेनॅक कायमचं बंद केलं, प्रोटीन उतरल्यावर 37.5 वर कॅप्सूल परत सुरू. त्यानंतर बाबांनी आणखी दोन चवथींना माटोळी बांधली, डायलिसिस कधी लागलं नाही.

दादा अजून म्हणतो मी घरची चवथ मोडली, त्यावरून आम्ही नीट बोलत नाही. पण बाबांचे पाय मी बघितले होते, त्याने रिपोर्ट बघितला होता.

म्हणून सांगतो, नुसत्या क्रिएटिनिनवरून घाबरू पण नका आणि निर्धास्त पण राहू नका. सकाळची पहिली लघवी तपासा, बीपी घरी मोजून वहीत लिहा. आणि हो, अबेमासिक्लिबने जुलाब होतात, त्यात अंगातलं पाणी गेलं तर किडनीला खरोखरच मार बसतो, त्यामुळे जुलाब चालू असतील किंवा आकडा दर वेळी चढतोय असं असेल तर माझं वरचं सगळं सोडा आणि कॅन्सरच्या डॉक्टरना आजच फोन करा. मी डॉक्टर नाही. अंगदुखीची गोळी मेडिकलमधून कोणी आणून देतंय का, ते मात्र आईला आज रात्रीच विचारा.