एअर सस्पेन्शनची गाडी रात्रभरात एका कोपऱ्यातून बसते. कॉम्प्रेसर (हवा भरणारा पंप) बदलू की साध्या स्प्रिंगा लावून टाकू? आणि हे सस्पेन्शन चालतं कसं?

दोन्ही नको. आधी गळती शोधा. मिस्त्रीने "कॉम्प्रेसर गेला" म्हणून सांगितलं असेल तर त्याला विचारा, का गेला? कॉम्प्रेसर आपण होऊन क्वचितच जातो.

हे चालतं कसं, तेही तुम्ही विचारलंय. स्प्रिंगेच्या जागी बलून, म्हणजे हवा भरलेली घडीची रबरी पिशवी, आणि चाक धरणारा आर्म व बॉडी यांच्या मध्ये उंची मोजणारा हाइट सेन्सर. उंची कमी झाली की कंट्रोल युनिट त्या कोपऱ्याचा वॉल्व्ह उघडून हवा भरतं, वाढली की सोडतं. शॉकअपचं काम वेगळं, गाडीचं डोलणं आवरायचं. त्यातल्या सोलेनॉइड (विजेवर चालणाऱ्या) वॉल्व्हचा करंट बदलला की तेलाची वाट लहान-मोठी होते, तीही काही मिलिसेकंदांत. बॉडी सेकंदाला एक-दीड वेळा डोलते आणि चाक दहा-पंधरा वेळा थडथडतं, म्हणून एकाच ठरलेल्या कडकपणाने दोन्ही सांभाळताना कुठेतरी मार खावा लागतो. (एक्सयूव्ही ७०० किंवा कंपासमधलं 'फ्रीक्वेन्सी सिलेक्टिव्ह' शॉकअप यात मोजू नका. तो वॉल्व्ह निव्वळ यांत्रिक असतो.)

इंदूरला आमच्याकडे पावसाळ्यानंतर अशीच एक एसयूव्ही आली होती. मागचा उजवा कोपरा बसायचा. दुसऱ्या गॅरेजात कॉम्प्रेसर दोनदा बदलून झाला होता आणि दुसराही जळायला आला होता. बलूनच्या घडीत काळी माती वाळून दगड झालेली. घडी धुतली, साबणाचं पाणी मारलं, नेहमीच्या उंचीवर काहीच दिसेना. गाडी सगळ्यात वरच्या उंचीवर नेली, घडी ताणली गेली, तेव्हा कुठे बोटभर लांबीत बारीक बुडबुड्यांची रांग दिसली. खाली बसलेल्या गाडीवर साबण मारून "गळती नाही" म्हणणारे इथेच फसतात.

आता कॉम्प्रेसर का जळतो ते बघा. गळती भरून काढायला तो सारखा चालतो, तापतो आणि पिस्टनची रिंग झिजते. त्याहून वाईट हाल हवा सुकवणाऱ्या ड्रायरचे. आत येणारी हवा ड्रायरमधून जाते आणि तिची ओल सिलिका जेल शोषून घेतं. गाडी खाली घेताना तीच कोरडी हवा उलटी त्यातूनच बाहेर पडते आणि जेल पुन्हा सुकतं. हवा बलूनच्या भेगेतून निघून गेली तर जेल सुकणार कसं? ते भिजतं, त्याचा भुगा होतो आणि वॉल्व्ह ब्लॉकमध्ये, म्हणजे सगळ्या कोपऱ्यांचे वॉल्व्ह असतात त्या ठोकळ्यात, जाऊन बसतो. त्या गाडीच्या ब्लॉकमध्ये पांढरी पूड होती. कॉम्प्रेसर दोनदा बदलणाऱ्यांपैकी एकानेही तो ब्लॉक उघडला नव्हता. आम्ही मागचे दोन्ही बलून, ड्रायर, ब्लॉक आणि रिले (कॉम्प्रेसर चालू-बंद करणारा स्विच) बदलले. रिले बदलायचाच असतो, कारण त्याचे कॉन्टॅक्ट चिकटले तर नवा कॉम्प्रेसर थांबतच नाही.

तुम्ही एवढं करा. रात्री सपाट जागी गाडी लावून चारही चाकांच्या केंद्रापासून फेंडरच्या कडेपर्यंत टेपने मोजा, सकाळी पुन्हा मोजा. एकच कोपरा उतरला तर त्याचा बलून, पाइपचं फिटिंग किंवा त्याचा वॉल्व्ह. दोन कोपरे बरोबरीने उतरले तर संशय ब्लॉकवर.

स्प्रिंगा लावल्या तर हाइट सेन्सरचा दिवा जळत राहील, शॉकअपचं ट्यूनिंग जुळणार नाही, भार पडला की मागची बाजू बसेल. तरी गाडी फार जुनी असेल, बलूनच मिळत नसतील, तर लावा. पण त्या गाडीच्या वजनाला जुळणाऱ्याच. कुठला वॉल्व्ह कुठे असतो, ते मॉडेलप्रमाणे बदलतं, तेव्हा सर्व्हिस मॅन्युअल बघा.

आणि जॅक लावण्याआधी लेव्हलिंग, म्हणजे गाडीचं आपोआप उंची राखणं, बंद करा. नवा बलून बसवल्यावर स्कॅनरने (गाडीच्या कंट्रोल युनिटला जोडायच्या यंत्राने) थोडी हवा भरा, मगच गाडी चाकांवर उतरवा. रिकाम्या बलूनवर भार आला की घडी वाकडी पडते आणि नवा बलून तिथेच चिरतो. शेवटी चारही कोपऱ्यांची उंची मोजून ते आकडे स्कॅनरमध्ये टाका, नाहीतर गाडी तिरकीच उभी राहील.