विचारा, सांगतो : विमानतळावरून हॉटेलपर्यंत, खिशाला झेपेल असं

प्रश्न : टॉवेल-चादरींचे नमुने घेऊन दिल्लीला जाणं होतं. परतताना मुंबईत टर्मिनल २ वर रात्री नऊला उतरतो, दादरला मुक्काम करतो आणि काम उरकून दुसऱ्या रात्री सिद्धेश्वर एक्सप्रेस धरतो. टॅक्सीचं भाडं दर खेपेला टोचतं. स्वस्त मार्ग कोणता?
– एक व्यापारी, अशोक चौक, सोलापूर

उत्तर : चाकाची एक बॅग आणि पाठीवर एक सॅक एवढंच सामान असेल, तर मेट्रोनं जा. आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ पासून पूर्ण धावते आहे. तिचं तिकीट अंतराप्रमाणे १० ते ७० रुपये, म्हणजे दादरला त्याहून कमीच. टर्मिनल २ चं स्टेशन वेगळं आणि टर्मिनल १ चं वेगळं, हे लक्षात ठेवा. गाडी 'कफ परेड'कडे जाणारीच धरा, आरेकडची नको. टर्मिनल २ सोडल्यावर आठवं स्टेशन दादर. तिकीट मोबाइलवर काढायचं असेल तर खाली उतरण्याआधीच काढा. भुयारात नेटवर्क दगा देतं आणि फाटकाशी यूपीआयचं चक्र गरगरत राहतं, मागे रांग वाढत जाते. शंभराची सुटी नोट खिशात असलेली बरी.

खरी अडचण वेळेची आहे. शेवटची मेट्रो रात्री साडेदहाच्या सुमारास सुटते. तुमचं 'नऊला उतरतो' म्हणजे नऊला चाकं जमिनीला टेकतात. दार उघडून, चालत पट्ट्यापाशी येऊन बॅग हाती पडेपर्यंत पावणेदहा सहज वाजतात. विमानाला तासभर उशीर झाला की मेट्रो हुकलीच. म्हणून नमुन्यांची बॅग हातातल्या सामानाच्या वजनात बसवा, पट्ट्यापाशी थांबण्याचा वेळ तिथंच वाचतो.

मेट्रो हुकली तर? दादरला थेट रिक्षा मिळणार नाही. मुंबईत रिक्षा माहीम आणि शीवच्या पुढे जात नाहीत. 'सोडतो साहेब' म्हणून बसवून घेतात आणि माहीमला उतरवतात, तिथून पुन्हा टॅक्सी. त्यापेक्षा अंधेरी स्टेशनपर्यंतच रिक्षा करा. मीटरला पहिल्या दीड किलोमीटरचे २६ रुपये, पुढे किलोमीटरला १७ रुपये १४ पैसे. साडेचार किलोमीटरचे साधारण ७७ होतात. अंधेरी ते दादर लोकल दहा रुपये. रात्रीची गर्दी विरारच्या दिशेला असते. चर्चगेटकडे जाणाऱ्या गाडीत बॅग घेऊन उभं राहता येतं, बहुतेक वेळा बसताही येतं. सकाळी आठ ते अकरा मात्र बॅगेसह ही वाट धरू नका.

काळी-पिवळी टॅक्सी घेतलीत तर दीड किलोमीटरला ३१ आणि पुढे किलोमीटरला २० रुपये ६६ पैसे, असा फेब्रुवारी २०२५ पासूनचा दर आहे. तेरा किलोमीटर धरले तर २७० च्या आसपास. मध्यरात्री बारा ते पाच सव्वापट, म्हणजे ३३५-३४०. सामानाचे वेगळे. प्रीपेडची पावती घेतली असेल तर ती हॉटेलच्या दारात पोचेपर्यंत चालकाच्या हाती देऊ नका.

आणखी एक. मेट्रोचं दादर स्टेशन पश्चिमेला आहे, सिद्धेश्वर लागते ती मध्य रेल्वेच्या बाजूला. हॉटेल पूर्वेला घेतलंत तर पहिल्या रात्री बॅग घेऊन पूल ओलांडावा लागेल, पण दुसऱ्या रात्री गाडीला सोपं. पश्चिमेला घेतलंत तर उलटं. आम्ही पूर्व निवडू. गाडी चुकण्याची धास्ती रात्रीच असते.

प्रश्न : पुण्याला विमानानं येऊन स्वारगेटजवळ राहायचं आहे, सकाळी तिथूनच सोलापूरची एसटी. दोघंच आहोत.
– जुळे सोलापूर

उत्तर : लोहगाव विमानतळापासून रामवाडी मेट्रो स्टेशन पाचेक किलोमीटर आहे. तेवढं रिक्षानं किंवा पीएमपीच्या बसनं जा. पुढे वनाझकडची मेट्रो, सिव्हिल कोर्टला बदलून स्वारगेट. सिव्हिल कोर्टला वरच्या फलाटावरून खोल भुयारात उतरायचं आहे. सरकते जिने आहेत, तरी मोठ्या बॅगेला लिफ्टच शोधा. ॲपवरची गाडी बोलावलीत तर ती टर्मिनलच्या दारात येत नाही, तुम्हालाच एरोमॉलच्या पार्किंगमध्ये यावं लागतं. गाडीवाल्याशी फोनवर 'मी इथंच उभा आहे' म्हणत राहण्यात दहा मिनिटं जातात. पुणे स्टेशनजवळचं हॉटेल चालणार असेल तर मेट्रो बदलायचीही गरज नाही.

प्रश्न : गोव्याहून पाहुणे सोलापूरच्या विमानतळावर उतरणार आहेत. नव्या पेठेतल्या हॉटेलपर्यंत स्वस्तात कसे येतील?
– सात रस्ता

उत्तर : विमानतळ होटगी रोडवर, गावापासून सात-आठ किलोमीटर. मुंबईसारखी टॅक्सीची रांग इथं धरून चालू नका. तिघं-चौघं असतील तर तुमच्या ओळखीची रिक्षा आधीच ठरवून पाठवा आणि भाडं पाहुण्यांना नाही, तुम्हीच फोनवर पक्कं करा. परगावचा माणूस 'किती घेणार?' म्हणून विचारतो तिथंच आकडा चढतो. एकटाच माणूस, हातात एकच पिशवी असेल तर आसरा चौकापर्यंत यावं आणि पुढे शेअर रिक्षा घ्यावी. सामान असेल तर शेअर रिक्षेचा नाद नको, मांडीवर बॅग घेऊन येताना शेजारच्याची बोलणी खावी लागतात.

ते जानेवारीत, गड्ड्याच्या म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत येणार असतील तर हॉटेल आधी पक्कं करा, विमानाचं तिकीट नंतर. संक्रांतीच्या सुमारास नंदीध्वजांची मिरवणूक असते, होम मैदानाकडचे रस्ते वळवलेले असतात, आणि नेहमीच्या वाटेनं निघालेली रिक्षा मध्येच थांबवून चालत जायला सांगतात. पाहुण्यांच्या पायात त्या दिवशी चपला साध्या असू द्या.