घरामागच्या झाडीत येणाऱ्या पांढऱ्या शेपटीच्या हरणांचा अभ्यास कसा सुरू करावा?

तुम्ही पेनसिल्व्हेनियात नुकतेच राहायला आलात, मागच्या झाडीत व्हाइट-टेल्ड डिअर येतात, मुलीला घेऊन त्यांचा अभ्यास करायचाय आणि दुर्बीण कोणती घ्यावी असं विचारलंय. मी म्हणेन, दुर्बिणीची घाई नको. आधी झुडपं बघा.

हरीण आपल्याला दिसतं तोवर त्याने आपल्याला पाहिलेलं असतं. ते खूर आपटतं, फुरफुरतं, शेपटी उभारून पळतं. माणसाला घाबरलं की ते काय करतं, एवढंच त्यातून कळतं. बाकीचं कळतं ते खाल्लेल्या डहाळ्यांवरून. त्याच्या वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, म्हणून ते डहाळी ओढून तोडतं आणि टोकाला तंतू लोंबत राहतात. सशाने खाल्लेलं टोक तिरकं, गुळगुळीत असतं. हे मुलीला पाच मिनिटांत जमेल.

मग मागे सरून सगळी झाडी बघा. जमिनीपासून साधारण दीड मीटरपर्यंत पानंच नाहीत, ओकची रोपं नाहीत, ट्रिलियमची रानफुलं नाहीत आणि खाली नुसतं हरणं टाळतात ते हे-सेंटेड फर्न (एक नेचा) माजलंय, असं असेल तर तिथे हरणं फार झालीत. ती किती भराभर वाढतात? मिशिगनमधल्या जॉर्ज रिझर्व्ह या राखीव रानाच्या कुंपणात १९२८ साली ६ हरणं सोडली होती. सहाएक वर्षांत ती दीडशेच्या वर गेली. जागा तुमची असेल तर एक लहानसा तुकडा जाळीने बंद करा, शेजारी तेवढाच उघडा ठेवा आणि दर मे महिन्यात दोन्हींचे फोटो काढा. माझ्या मते यासारखा दुसरा धडा नाही.

मेअखेरीपासून गवतात एकटं, निपचित पडलेलं पाडस दिसू शकतं. ते अनाथ नसतं. आई दूर चरत असते, पाजायला परत येते. हात लावू नका. त्याचे ठिपके चितळासारखे जन्मभर राहत नाहीत, थंडीचे दाट केस येतात तसे जातात. सप्टेंबरच्या सुमारास नर झाडांवर घासून शिंगांवरची मखमली कातडी उतरवतात. मग बारीक खोडांची साल सोललेली दिसू लागते. नोव्हेंबरात माजावर आलेले नर लोंबत्या फांदीखाली जमीन उकरतात. अशा जागी ट्रेल कॅमेरा, म्हणजे हालचाल झाली की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा, लावा. हिवाळ्यात शिंगं गळतात, पण हाती लागणं कठीण. उंदीर आणि खारी कॅल्शियमसाठी ती कुरतडून संपवतात.

शिकारीच्या हंगामात भडक नारिंगी जाकीट घालूनच आत जा. आणि परतल्यावर गुडघ्यामागे, काखेत, केसांत गोचीड शोधा. गोचीड चावून होणाऱ्या लाइम रोगाचा जंतू गोचिडीत मुख्यतः उंदरांकडून येतो, पण मोठ्या गोचिडींना पोसतं हरीणच. गोचिडीची पिल्लं खसखशीएवढी असतात, म्हणून मुलीला उजेडात उभं करून तपासा.