वाचकांचे प्रश्न : स्टीव्ह मेन्झीजचे १८० ट्राय

प्रश्न : मुलाकडे सिडनीला गेलो होतो. तिथे रग्बी लीगचा विषय निघाला की जुनी मंडळी ‘बीव्हर’ मेन्झीजचं नाव काढायची. ‘फॉरवर्ड असून १८० ट्राय!’ ट्राय, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे जमिनीवर टेकवणं, तर संघातला कोणीही करू शकतो, मग ‘फॉरवर्ड असून’ का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : करू कोणीही शकतो, पण प्रत्येकाच्या वाट्याला ते काम येत नाही. लीगमध्ये एका संघात १३ जण असतात, सहा फॉरवर्ड आणि सात बॅक. (आपल्याकडे १५ किंवा ७ जणांचा खेळ दिसतो. ते रग्बी युनियन, लीग वेगळी.) चेंडू हाती आला की सहा टॅकलच्या आत (टॅकल म्हणजे चेंडूवाल्याला धरून पाडणं) काय ते करायचं, सहाव्यांदा पाडलं की चेंडू समोरच्यांचा. सुरुवातीचे टॅकल फॉरवर्ड अंगावर घेतात. बचावाच्या भिंतीत घुसायचं, आठ-दहा मीटर कमवायचे, आपटायचं, उठायचं. बचावात सर्वांत जास्त टॅकलही त्यांनाच करावे लागतात. या घुसाघुशीतून कडेला जागा मोकळी होते आणि विंगर, म्हणजे अगदी कडेने खेळणारा बॅक, कोपऱ्यात ट्राय करून येतो. २१२ ट्राय करणारा केन अर्व्हाइन विंगरच होता.

मेन्झीज सेकंड रोचा, म्हणजे ११ किंवा १२ नंबरचा खेळाडू. डोक्याला हेडगिअर बांधून भिंतीला धडका देणाऱ्यांपैकी. ते सगळं करून ३४९ सामन्यांत १८० ट्राय, म्हणजे जवळपास दर दोन सामन्यांना एक. यातले १५१ सिडनीच्या मॅन्ली क्लबकडून २८० सामन्यांत आले. उरलेले २९, मॅन्ली आणि नॉर्थ सिडनी एकत्र करून बनवलेल्या नॉर्दर्न ईगल्सकडून ६९ सामन्यांत.

प्रश्न : जुन्या काळचा फॉरवर्ड फ्रँक बर्ज, त्याने १५४ सामन्यांतच १४६ ट्राय केले होते. मग मोठा कोण? – एक वाचक, नाशिक

उत्तर : सरासरीत बर्ज, आणि तोही फार पुढे. १९११ ते १९२७ हा त्याचा काळ. ग्लीबकडून आणि शेवटी सेंट जॉर्जकडून खेळला. १९२० मध्ये युनिव्हर्सिटी संघाविरुद्ध एकाच सामन्यात त्याने आठ ट्राय केले, तो विक्रम शंभर वर्षांनंतरही उभा आहे. मात्र त्या काळी टॅकलची मर्यादाच नव्हती. चारची मर्यादा १९६७ मध्ये आली, सहाची १९७१ मध्ये. तोवर चेंडू हवा तितका वेळ आपल्याकडे ठेवता येई. मेन्झीज आला १९९३ मध्ये. त्याच वर्षी बचावफळीने मागे हटायचं अंतर पाच मीटरवरून दहा मीटर झालं, आणि पळत येऊन चेंडू घेणाऱ्या फॉरवर्डला जागा मिळाली. ती जागा त्याच्याइतकी कोणी वापरली नाही. टिकाऊपणात तर तो निर्विवाद मोठा : १६ हंगाम, तेही टॅकलचा मार खाऊन.

प्रश्न : शाळेत मुलांना सेव्हन्स, म्हणजे सात जणांचं रग्बी, शिकवतो. मेन्झीजची धाव मुलांना शिकवता येईल का? – एक क्रीडाशिक्षक, कोल्हापूर

उत्तर : जरूर. ताकदीपेक्षा ही वेळेची कला आहे. मॅन्लीचा क्लिफ लायन्स चेंडू दोन्ही हातांत धरून थेट बचावपटूच्या अंगावर जायचा आणि अगदी शेवटच्या क्षणी पास द्यायचा. मेन्झीज तेव्हा नेमका फटीत पोचलेला असायचा.

दोन मुलांना बचावपटू म्हणून ढाली (टॅकलच्या सरावाच्या गाद्या) देऊन तीन मीटर अंतरावर उभं करा. चेंडूवाला आतल्या मुलाच्या दिशेने जाईल. धावणारा त्याच्या सहा-सात मीटर मागे आणि तीन-चार मीटर बाहेरच्या बाजूला. पहिली तीन पावलं बाहेरच्या दिशेने टाकायची, म्हणजे बाहेरच्या बचावपटूची कंबर बाहेर वळते. चेंडूवाला ढालीपासून दोन पावलांवर आला की धावणाऱ्याने बाहेरचा पाय रोवून आत वळायचं आणि दोघांच्या मधून निघायचं. तळवे छातीच्या उंचीवर, चेंडूवाल्याकडे, आधीपासून तयार. पास दीड-दोन मीटरचा, मऊ, अंगावर नाही तर पुढ्यातल्या फटीत. पण सुटायला हवा मागच्याच दिशेने. आधी अर्ध्या वेगाने, दोन्ही बाजूंनी दहा-दहा फेऱ्या.

चूक बहुतेक वेळा घाईची असते. धावणारा चेंडूवाल्याच्या पुढे गेला तर पास पुढच्या दिशेने दिलेला, म्हणजे नियमबाह्य ठरतो. चेंडू नसताना बचावपटूवर आदळला तर अडथळ्याची पेनल्टी. उलट उशीर झाला तर चेंडू उभ्याउभ्याने घ्यावा लागतो आणि फट मिटते. नजर सतत चेंडूवर असली की दोन्ही होतात. कबड्डीत चढाईपटू समोरच्याचे पाय बघतो ना, तसंच इथे : आधी बचावपटूची कंबर, मग चेंडू.

एक सावधगिरी. लीगमध्ये पडलेला खेळाडू उठून टाचेने चेंडू मागे सारतो. सेव्हन्समध्ये पडताच चेंडू सोडावा लागतो, त्यामुळे आधाराला दुसरा मुलगा एका पावलावर हवाच.

प्रश्न : त्याने विजेतेपदं किती जिंकली? – एक वाचक, पणजी

उत्तर : दोन. १९९६ मध्ये सेंट जॉर्जवर २०–८ आणि २००८ मध्ये मेलबर्नवर ४०–०. १९९५, १९९७ आणि २००७ च्या अंतिम सामन्यांत हार. ५ ऑक्टोबर २००८ चा तो सामना त्याचा ३४९ वा, म्हणजे टेरी लँबच्या सर्वाधिक सामन्यांच्या तेव्हाच्या विक्रमाशी बरोबरी. उत्तरार्धात त्याने ट्रायही केला, तो १८० वा. वय ३४. तरीही इंग्लंडमध्ये ब्रॅडफर्ड आणि मग फ्रान्समधल्या पेर्पिन्यांच्या कॅटलन्स ड्रॅगन्सकडून तो २०१३ पर्यंत खेळत राहिला. थांबला तेव्हा चाळिशी काही महिन्यांवर आली होती.