स्फटिकातील स्पिन आणि क्वांटम संदेशवहन

प्रश्न : क्वांटम संदेशवहनात माहिती फोटॉनच (प्रकाशाचे कण) वाहून नेतात, तर अर्धवाहक स्फटिकातील इलेक्ट्रॉनच्या स्पिनवर (त्याच्या अंगभूत चुंबकीय गुणधर्मावर) एवढे संशोधन कशासाठी? शिवाय हिऱ्यावरचे प्रयोग यशस्वी झालेले असताना सिलिकॉन कार्बाइड आणि सिलिकॉनकडे वळण्याचे कारण काय?

उत्तर : फोटॉन प्रवासाला उत्तम, पण त्याला थांबवून ठेवता येत नाही, आणि लांब पल्ल्यासाठी थांबणे अपरिहार्य असते. १५५० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश चांगल्या ऑप्टिकल फायबरमध्येही दर किलोमीटरला सुमारे ०.२ डेसिबलने क्षीण होतो (१० डेसिबल घट म्हणजे प्रकाशाचा दहावा हिस्सा उरणे). म्हणजे १०० किलोमीटरनंतर शंभरातला एक फोटॉन उरतो, तर ५०० किलोमीटरनंतर दहा अब्जांतला एक. नेहमीचा संदेश वाटेत वर्धित करता येतो, पण अज्ञात क्वांटम अवस्थेची हुबेहूब प्रत काढणे अशक्य असल्याचे १९८२ मध्येच सिद्ध झाले आहे. म्हणून अंतराचे टप्पे पाडून प्रत्येक टप्प्याची दोन टोके परस्परांत गुंतवायची, म्हणजे त्यांच्या क्वांटम अवस्था एकमेकींशी बांधायच्या, आणि मग ते टप्पे जोडायचे, असा मार्ग निघाला. सर्व टप्पे एकाच क्षणी यशस्वी होत नसल्याने आधी जमलेल्या टप्प्याची अवस्था जपून ठेवणारी स्मृती लागते, आणि ते काम स्पिन करतो.

हिऱ्यात एका कार्बन अणूच्या जागी नायट्रोजन आणि शेजारची जागा रिकामी, अशा दोषाचा स्पिन त्यासाठी वापरला जातो. २०१५ मध्ये नेदरलँड्समधील डेल्फ्ट येथे सुमारे १.३ किलोमीटर अंतरावरच्या दोन हिऱ्यांतील असे स्पिन गुंतवण्यात आले, मात्र यश तासाला जेमतेम एकदा मिळत होते. या दोषाच्या प्रकाशापैकी अवघा तीन-चार टक्के भाग उपयोगी असतो आणि तोही ६३७ नॅनोमीटरचा लाल प्रकाश, जो फायबरमध्ये किलोमीटरला सुमारे ८ डेसिबलने घटतो. तरंगलांबी बदलता येते खरी, पण त्यात फोटॉन गमावतात आणि नको तो गोंगाटही शिरतो.

माझ्या मते स्फटिकाची निवड ठरवताना स्मृतीच्या आयुष्याइतकाच हा रंगाचा मुद्दा निर्णायक आहे. सिलिकॉन कार्बाइडमधील जोडपोकळीचा (शेजारच्या दोन अणूंच्या रिकाम्या जागांच्या दोषाचा) प्रकाश ११०० नॅनोमीटरच्या आसपास असतो, आणि तिचा स्पिन पाच सेकंदांहून अधिक काळ टिकल्याचे २०२२ मध्ये दाखवले गेले. सिलिकॉनमधील टी-केंद्र (कार्बन आणि हायड्रोजन अणूंमुळे तयार होणारा दोष) तर १३२६ नॅनोमीटरचा, थेट दूरसंचाराच्या पट्ट्यातला प्रकाश देते. नैसर्गिक सिलिकॉनमधील सुमारे ४.७ टक्के अणूंच्या केंद्रकांना स्वतःचा स्पिन असून तो इलेक्ट्रॉनच्या स्पिनला विचलित करतो. त्यामुळे शुद्ध केलेले सिलिकॉन-२८, म्हणजे केंद्रकाला स्पिन नसलेले समस्थानिक, वापरावे लागते. सिलिकॉनचा अपवर्तनांक (प्रकाश वाकवण्याचे प्रमाण) साडेतीनच्या घरात असल्याने बहुतेक प्रकाश आतच अडकतो. तो बाहेर काढण्यासाठी दोषाभोवती सूक्ष्म प्रकाशीय पोकळ्या कोरल्या जातात.

प्रश्न : यासाठी अतिशीत तापमान लागतेच का?

उत्तर : हिऱ्यातील दोषाचा स्पिन सामान्य तापमानातही हाताळता येतो. मात्र स्पिन गुंतवण्यासाठी दोन्ही टोकांचे फोटॉन एकसारखे असावे लागतात, आणि उष्णतेने स्फटिकजालक थरथरू लागले की प्रकाशाची वर्णरेषा रुंदावते, म्हणजे फोटॉनांची तरंगलांबी नेमकी एकसारखी राहत नाही. म्हणून असे प्रयोग काही केल्व्हिन तापमानातच केले जातात.