बिगोनियावाल्यांच्या ग्रुपबरोबर एका दिवसाच्या सहलीला जावं का?

तुम्ही विचारलंय की सांगलीतल्या बागवाल्यांचा ग्रुप पुण्यातलं फुलांचं प्रदर्शन आणि दोन नर्सऱ्या एका दिवसात करून येतोय, माणशी १,४०० रुपये. तुमच्या गच्चीवर वीसेक बिगोनिया आहेत. तर जावं का, आणि तिथून काय आणावं?

जा. उत्तर एवढंच. खालचं मी माझ्यासाठी लिहितेय, वेळ असेल तर वाचा.

मी साताऱ्याची. ३१ वर्षं पोस्टात काउंटरवर काढली. संध्याकाळी हिशेबाला दोन रुपये कमी आले तर गुपचूप पर्समधून घालायचे, आणि जास्त आले तर ते कुणाचे या विचारानं रात्री झोप नाही, अशी मी बाई. हे आधी सांगतेय, कारण पुढे याच बाईला टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये सोळा जणांसमोर चोर ठरवलं गेलं.

तीन वर्षं झाली. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनचं फुलांचं प्रदर्शन २६ जानेवारीच्या आसपास असतं, त्याच शनिवारी पहाटे साडेपाचला आम्ही पोवई नाक्यावरून निघालो. आमच्या ग्रुपमध्ये एक निवृत्त मास्तर आहेत. त्यांनी खंबाटकीचा बोगदा यायच्या आत दरवर्षीप्रमाणे बिगोनियाची कुळकथा संपवली: शार्ल प्लुमिए नावाच्या फ्रेंच माणसानं मिशेल बेगाँ नावाच्या अधिकाऱ्याचं नाव या झाडाला दिलं आणि १७५३ मध्ये लिनियस या वनस्पतिशास्त्रज्ञानं ते कायम केलं. शिरवळला मिसळ. इथवर सगळे एकमेकांना ताई-दादा म्हणत होते.

प्रदर्शनाबद्दल एक सांगते. फक्त बिगोनिया बघायला जाणार असाल तर फार आशा ठेवू नका. गर्दी डेलियापुढे आणि बोन्सायपुढे असते. आमच्या वेळी बिगोनिया एका कडेच्या मांडवात होते आणि तिथं लोक सावली म्हणून टेकत होते. पण तिथं शिकायला मिळतं. स्पर्धेतल्या कुंडीची मागची बाजू वाकून बघा. आपल्या घरी खिडकीतलं झाड उजेडाकडे झुकून एका अंगानं वाढतं. तिथलं चारी बाजूंनी सारखं भरलेलं असतं, कारण त्या माणसानं महिनोन्‌महिने दोन-चार दिवसांआड कुंडी पाव वळसा फिरवलेली असते. मला हे पन्नाशी उलटेपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं.

मग जेवून सोलापूर रस्त्याला उरुळी कांचनच्या बाजूला एका नर्सरीत गेलो. नाव लिहीत नाही. पॉलीहाऊसमध्ये, म्हणजे रोपांसाठीच्या प्लास्टिकच्या बंद मांडवात, शिरल्याबरोबर चष्मा धुरकटला. एका भिंतीला ओले पॅड, समोरच्या भिंतीत माणसाएवढे पंखे. पंखे आतली हवा बाहेर ओढतात आणि पॅडमधून गार, ओली हवा आत येते. बाहेर दुपारचं ऊन, आत जुलैतलं महाबळेश्वर. डाव्या हाताला केन जातीचे, म्हणजे बांबूसारख्या उभ्या खोडाचे, चांदीच्या ठिपक्यांच्या पानांचे बिगोनिया, उजवीकडे रेक्सच्या, म्हणजे रंगीत नक्षीच्या पानांच्या बिगोनियाच्या रांगाच रांगा. सतरा माणसं दीड फुटाच्या वाटेनं, प्रत्येकाच्या खांद्याला पिशवी. असल्या ठिकाणी पिशव्या गाडीतच ठेवाव्यात, पण ते तेव्हा कुणाला सुचलं नाही.

उजव्या रांगेच्या शेवटी, बाकाखालच्या ओल्या खडीवर एक पान पडलं होतं. कड काळपट लाल, मध्ये चांदीचा पट्टा, आणि देठाशी शंखासारखा वळसा. कुणाच्या तरी पिशवीचा धक्का लागून देठ तुटला असणार. तिथं एक माळी पाइप गुंडाळत होता. त्याला म्हटलं, "हे पडलंय, घेऊ का?" तो म्हणाला, "घ्या की मावशी, झाडूनच टाकायचंय." मी ओल्या रुमालात गुंडाळून पोळ्यांच्या रिकाम्या डब्यात ठेवलं. त्याशिवाय त्या दुकानातून मी ६४० रुपयांची तीन रोपं विकत घेतली, पावतीसकट.

खेड शिवापूरच्या टोलपाशी गाडी थांबली आणि आमच्या ग्रुपच्या एक मॅडम उभ्या राहिल्या. त्या सहल ठरवतात, पैसे गोळा करतात, कष्ट करतात, ते नाकारत नाही. म्हणाल्या, "कुणी डब्यातून काय नेलंय ते आम्ही पाहिलंय. पुढच्या वर्षी त्यांनी आपल्याला दारात उभं केलं नाही तर जबाबदार कोण?" मी म्हटलं, ते पडलेलं होतं, माळ्याला विचारून घेतलंय. त्यावर त्या म्हणाल्या, "पडलेलं की पाडलेलं?"

गाडी हसली. आमचे हेसुद्धा हसले.

उत्तर मला सुचलं ते खंबाटकीचा घाट चढताना, नेहमीसारखं उशिरा. रेक्स हा मुळात आसामचा. १८५० च्या दशकात तो ऑर्किडांच्या सोबतीनं, कुणी न बोलावता युरोपात पोचला आणि तिथून त्याच्या शेकडो जाती झाल्या. ज्या झाडानं स्वतः तिकीट काढलं नाही त्याच्या गळलेल्या पानाचा पंचनामा कसला? मास्तरांना ही गोष्ट पाठ आहे, मी त्यांच्याच तोंडून ऐकलीय. पण ते त्या वेळी खिडकीतून बाहेरचा अंधार बघत होते. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर मेसेज आला, "काही सदस्यांनी भान ठेवावे." खाली एकवीस अंगठे.

बरं, पान. पानाच्या मागच्या जाड शिरा ब्लेडनं सहा-सात ठिकाणी कापल्या. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि पर्लाईट (हलके पांढरे खडे) अर्धं-अर्धं भिजवून मुठीत घट्ट पिळलं, थेंब पडता कामा नये. बिर्याणीच्या पारदर्शक डब्यात ते पसरून वर पान ठेवलं, मागची बाजू खाली, आणि शिरा मातीला टेकाव्यात म्हणून केसांच्या पिनांनी दाबलं. झाकण लावून उत्तरेच्या खिडकीत. जानेवारीत साताऱ्याला रात्री चांगलाच गारठा असतो, म्हणून रात्री डबा फ्रीजच्या डोक्यावर. दोन ठिकाणी सडलं, तेवढं कापून फेकलं. पाचव्या आठवड्यात मुळं दिसली आणि होळीच्या सुमारास कापलेल्या प्रत्येक जागी नखाएवढी पानं वर आली. एका पानाची नऊ रोपं.

आणि आता ज्यासाठी मी हे उत्तर लिहायला घेतलं ते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मॅडमनी ग्रुपवर फोटो टाकला. काचेच्या ग्लासात चांदीच्या ठिपक्यांचं एकच पान, खाली ग्लासभर पांढरी मुळं. प्रश्न: सहा महिने झाले, मुळं एवढी छान आलीत, कोंब का फुटत नाही? फुटणार नाही, मॅडम. केनचं नुसतं पान मुळं धरतं, वर्षभरही टवटवीत राहतं, पण डोळा, म्हणजे कोंब फुटायची जागा, नसेल तर सहसा रोप होत नाही. केन लावायचा तर खोडाचा डोळ्यासकट तुकडा लागतो. आणि सहा महिने मागे मोजले तर आपण कुठे असतो? केनचं पान आपसूक गळतं तेव्हा पिवळं झालेलं असतं. ते हिरवंगार होतं. मी हे सगळं टाइप केलं, वाचलं, आणि पुसून टाकलं. ह्यांना दाखवलं तर म्हणाले, "तुझंही हिरवंच होतं की." या माणसाबरोबर मी ३४ वर्षं काढलीत.

तुमच्या प्रश्नाकडे येते. सांगलीहून पुणे म्हणजे जाऊन-येऊन साडेचारशे किलोमीटरच्या वर. त्यात प्रदर्शन आणि दोन नर्सऱ्या एका दिवसात बसत नाहीत, कोणी काही म्हणो. नऊ-दहा तास गाडीत जातील. नर्सरी एकच ठेवा म्हणून आत्ताच सांगा, किंवा रात्री मुक्काम करा.

आणायचं म्हणाल तर रेक्स आणू नका. मी रेक्सवाली असून सांगतेय. पॉलीहाऊसच्या ओल्या हवेत वाढलेलं ते पान सांगलीच्या एप्रिलात, चाळीस अंशांत, गच्चीवर कागदासारखं होतं. मग लोक सुकलं म्हणून पाणी ओततात आणि ते बुडातून सडतं. बिगोनिया तहानेनं मरतात त्याच्या चौपट पाण्यानं मरतात. केन घ्या, मेणपानांचा साधा बिगोनिया घ्या. फुलांनी लगडलेली मोठी कुंडी घेऊ नका, चार इंचाच्या कुंडीतलं पोर घ्या, ते लवकर रुळतं. द्राक्षाचे क्रेट तुमच्याकडे घरोघरी असतात, त्यातला एक गाडीत टाका, कुंड्या आडव्या होत नाहीत. एसीच्या झोताखाली ठेवू नका. घरी आल्यावर रोपावर पिशवी उलटी घालून सावलीत ठेवा आणि आठवडाभरात रोज थोडी थोडी उघडी करा. पंधरा दिवस बाकीच्या झाडांपासून लांब. देठाच्या बेचक्यात पांढरं कापसासारखं दिसलं तर पिठ्या ढेकूण समजा. भुरी, म्हणजे पानांवर पिठासारखी पसरणारी बुरशी, तुम्हा द्राक्षवाल्यांच्या गावाला मी काय सांगणार. द्राक्षावरची बुरशी वेगळी आणि बिगोनियावरची वेगळी, त्यामुळे शेजारच्या बागेला दोष देऊ नका, पण शेजाऱ्याकडचं गंधक आणून भर उन्हात मारूही नका, पानं भाजतात.

माझं ऐकाल तर पुण्यापेक्षा सप्टेंबरात इकडे या. साताऱ्यापासून कास २५ किलोमीटरच्या आसपास. सगळे पठारावरची फुलं बघायला पळतात. पश्चिम घाट २०१२ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेला तेव्हापासून तर गर्दी विचारू नका. तुम्ही ओल्या कातळाच्या कपारी बघत चला. बोटभर उंचीचा, फिकट गुलाबी फुलांचा आपला रानटी बिगोनिया तिथं पाण्याच्या ओघळाशी चिकटलेला असतो. क्रेनाटा म्हणतात. मुठीएवढीही माती नसते बुडाशी. पाऊस संपला की वरचं सगळं वाळतं आणि कंद कपारीत झोपतो. हे एकदा बघितलंत की आपण कुंडीत किती माती आणि किती पाणी घालतो त्याची लाज वाटते. तिथलं काही तोडू नका, उपटू नका. आणि हो, पडलेलं पानही उचलू नका. तिथं घ्या म्हणायला कुणी माळी नसतो.

दोन गोष्टी राहिल्या. मी पान माळ्याला विचारून घेतलं, मालकाला विचारलं नव्हतं. मालक दहा पावलांवर गल्ल्यापाशी बसले होते आणि पैसे द्यायला मी त्यांच्याचकडे गेले होते. डबा पिशवीत होता. तेव्हा काढून दाखवायला हवा होता. मॅडमचा सूर चुकला, मुद्दा सगळा चुकला असं नाही. नर्सरीवाल्याचं पोट रोपांवर असतं, आणि रेक्समध्ये एक पान म्हणजे नऊ रोपं, हे माझ्याच डब्यानं सिद्ध केलं. म्हणून तुमच्या ग्रुपला निघायच्या आधीच विचारा: पानांचं काय ठरलंय? ठरलं नसेल तर ठरवून घ्या. आणि दारातच मालकाला विचारा. बरेच जण स्वतःच्या हातानं देठ मोडून देतात.

दुसरी, १,४०० रुपयांत जेवण आहे का ते बघा. आमच्यात नव्हतं.

सांगलीहून येता-जाता साताऱ्यात थांबलात तर रेक्सचं रोप देईन. नवातली सहा वाटली, एक उन्हाळ्यात गेलं, दोन आहेत. त्यातल्या एकाच्या कुंडीवर मॅडमचं नाव लिहून ठेवलंय तीन वर्षं, ते मागू नका.