हुल्ड्रा म्हणजे कोण? ती पुरुषांना भुलवून मारते का?

मारतेच असं नाही. नॉर्वेच्या लोककथांतली हुल्ड्रा ही रानात राहणारी देखणी बाई. नावाचा अर्थच ‘लपलेली’. समोरून पाहिलं तर रूपवान, पण झग्याखालून गाईचं शेपूट डोकावतं. स्वीडनमध्ये तिची बहीण शोभेल अशी स्कूग्सरो आहे. तिची पाठ कुजलेल्या झाडाच्या ढोलीसारखी पोकळ, म्हणून ती पाठ दाखवत नाही.

तिच्या गोष्टी सांगणारे मुख्यतः शिकारी आणि कोळसा पाडणारे. कोळशाची भट्टी दिवसरात्र राखावी लागे, माणूस रानात एकटाच. मग भास होणारच, असं आपलं माझं मत! पण तिच्यासाठी थोडं अन्न ठेवलं, तर भट्टी भडकण्याआधी ती झोपलेल्याला हाक मारून उठवायची. शेपूट दिसलंच तर खिल्ली उडवायची नाही, हळूच सांगायचं. काही कथांत ती माणसाशी लग्न करते आणि चर्चमध्ये विधी होताच शेपूट गळून पडतं. नवऱ्याने छळलं तर मात्र त्याची खैर नाही.

हे सगळं गमतीचं नव्हतं. सतराव्या शतकात स्वीडनमध्ये स्कूग्सरोशी संबंध ठेवल्याच्या आरोपावरून खरेखुरे खटले चालले. १६९१ साली एका तरुणाला त्यासाठी मृत्युदंड सुनावला गेला.